संथ गाण्यावरचा बचाता

आमच्या तरुणपणी कोपऱ्यावरच्या गुत्त्यातून बचाताचं, त्या जोडीनं नाचायच्या नाचाचं, गाणं ऐकू आलं, की आई खिडकी लावून घ्यायची. परवा बानी शहरातल्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीबाहेर बसले होते, तेव्हा ते आठवलं. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर नवरा डावा पाय ओढत चालायचा.

"फिदेलिना, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, रोज बचाता नाचा. गाणं संथ लावा."

"मला येत नाही."

"मी शिकवतो की. तीन पावलं बाजूला, चौथ्याला कंबर उचलायची. संथ गाण्यावर कुणालाही जमतं."

"चाळीस वर्षं म्हणत होता, घरंदाज बायकोनं त्या नाचाकडे बघूही नये."

"तेव्हा सगळेच म्हणायचे."

"आणि दर शनिवारी तुमचा पांढरा सदरा इस्त्री कोण करत होतं?"

"जुनं कशाला उकरतेस? ऊठ, हात धर."

ती उठली. तो गुणगुणू लागला.

"एक, दोन, तीन... अगं, पायांकडे बघू नकोस. इतकी ताठ नको राहूस."

"मग कशी राहू?"

"जरा सैल. ओनेलिया कशी..."

गुणगुणणं थांबलं.

"बोला ना, एलादियो. ओनेलिया कशी राहायची?"

"अगं, ती आता जिवंतसुद्धा नाही."

तिनं त्याचा हात हळूच सोडवला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"ही धरा. हिला तुमच्या शनिवारांचं काही विचारायचं नाही."