माझी ट्यूब गेली!

...नाही, पण मला सांगा, जी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही, तिच्यापायी माणसानं चार वर्षं घालवावीत का? मी घालवली! कार्बनची नळी हो... नॅनोट्यूब! केसाच्या जाडीत अशा पन्नास हजार शेजारी शेजारी मावतील. तिच्यावर लेझर मारायचा, ती उलट कशी चमकते ते मोजायचं, आणि त्यावरून ओळखायचं की बाईसाहेब वीज कशी नेणार! सासरे विचारतात, "जावईबापू, पाणी येतं का हो त्यातून?" काय सांगणार? दिसत असती तर दाखवली असती!

आणि तुम्हाला सांगतो, एक दिवस पीक आलं! पीक म्हणजे आलेखातला उंच सुळका, तोसुद्धा कुठल्याच पुस्तकात नाही अशा जागी! मी आईला फोन केला, "आई, पीक आलं!" ती म्हणते, "अरे, पण आपल्याला शेत कधी होतं?" आमच्या गाइड मॅडम मला चार वर्षांत पहिल्यांदा "बस" म्हणाल्या. "याच्यावरच प्रबंध लिही. महिनाअखेर दे." कुठलीही नळी ठेवा, पीक त्याच जागी, तेवढंच उंच! मला वाटलं, काय शिस्तीची आहे! शंका? मला? छे! दिसत असती तर हार घातला असता!

आणि प्रबंधाला आठ दिवस उरले असताना पीक गायब! आलेख सपाट! नवे नमुने केले, आरसे पुसले, यंत्राला हात जोडले... दिसत असती तर शोधली तरी असती! शेवटी स्टुलावर बसून रडलो. खरंच रडलो हो, मोठ्यानं, "माझी ट्यूब गेली!"

दारातून वायरमन म्हणाला, "गेली नव्हती साहेब, चांगली होती. मीच काढली."

"तुम्ही? कधी?"

"सोमवारी. सगळीकडे एलईडी लावायला सांगितलंय ना!" आणि बोट कुठं? छताकडे, जुन्या ट्यूबलाइटच्या जागेकडे!

तुम्हाला सांगतो, मी आधी छताकडे पाहिलं, मग यंत्राकडे! यंत्राला झाकण असतं, बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून. आणि मी शहाणा ते काढून मांडीवर घ्यायचो... वही लिहायला काय छान पडतं!

मॅडम ओरडल्यासुद्धा नाहीत. "अभ्यास तू ट्यूबचाच केलास," म्हणाल्या, "फक्त चार फुटी!" आणि प्रबंध दोन वर्षं पुढे.

आता झाकण लावून मोजतो. काही म्हणजे काही दिसत नाही. पण जे दिसत नाही ना... ते शंभर टक्के माझं आहे!