गन गार होईपर्यंत

बायको गेल्यापासून तिचा मोबाइल बंद होता. तो घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. काउंटरमागे दोघे भाऊ बोलत होते.

“दादा, हॉट एअर मशीनचं कॉइल पुन्हा जळलं. या महिन्यातलं तिसरं.”

“हल्ली मालच हलका येतो.”

“मालाला कशाला नावं ठेवतोस? गरम हवेची गन गार व्हायच्या आत तू भिंतीवरचं बटण बंद करतोस. मशीनमधला पंखा आधी फिरू द्यायचा, हे तूच मला शिकवलंस ना?”

“मी बंद केलं? काहीतरीच काय!”

“आत्ता, माझ्यासमोर.”

मोठ्या भावाने वळून भिंतीवरचं बंद बटण पाहिलं.

“उद्यापासून तू काउंटर सांभाळ. मशीन मी बघतो.”

“बरं. पण तुझ्या वहिनीला सांगू नकोस. जिवाला घोर लावून घेईल.”

“तीच म्हणाली, दादा. ‘भाऊजी, गॅसपासून यांना मी लांब ठेवते, मशीनपासून तुम्ही ठेवा.’”