काट्यावरची मोहर

निरीक्षक : …आणि इथे ‘बाबा’ म्हणू नकोस. साहेब म्हण.

दुकानदार : बरं, साहेब. तिसऱ्यांदा तपासलंत. तिन्ही वेळा वजनकाटा बरोबर निघाला.

निरीक्षक : चौथ्यांदा तपासेन. नशेची पूड विकायचा परवाना आहे, साखरेचा नाही.

कारकून : साहेब, रकाना रिकामा आहे. पाचपर्यंत मोहर उठली नाही तर बाईंचा परवाना रद्द. मग मला नवा अर्ज भरावा लागेल, सहा पानी.

निरीक्षक : थांबा.

कारकून : थांबतो. खाली निषेधाचे फलक घेऊन मंडळीही थांबलीत. एक बाई म्हणाल्या, मोहर मारणाऱ्याचा हात झडेल. म्हटलं, आमच्या साहेबांचा सकाळपासून मोहरेकडे जातच नाही, तुम्ही कशाला कष्ट घेता.

दुकानदार : काका, तुम्ही तरी सांगा त्यांना.

कारकून : मी काय सांगणार? सुनेच्या दुकानाची तपासणी सासऱ्यानं करू नये, हे वर कळवलं होतं. उत्तर आलं, दुसरे निरीक्षक रजेवर आहेत, उरकून टाका.

निरीक्षक : उरकून टाका. माझा मुलगा या पुडीनं गेला. दीड वर्षात त्याची बायको तीच काचेच्या कपाटात मांडून बसली. कायद्यानं.

दुकानदार : त्याला कपाटातून मिळाली नव्हती. कागदाच्या घडीतून मिळाली. इथे प्रत्येक पाकिटावर वजन असेल. वय तपासल्याशिवाय कोणाला दार उघडणार नाही.

निरीक्षक : दारूच्या दुकानावरही वय लिहिलेलं असतं. कोण वाचतं?

दुकानदार : म्हणून लिहायचंच नाही? बंदी होती तेव्हाही विकली जात होती. फक्त मोजत कोणी नव्हतं.

निरीक्षक : कारकून, लिहा. नापास.

कारकून : कारण, साहेब? कारणाशिवाय चालत नाही.

निरीक्षक : शंकास्पद.

दुकानदार : एकतीस वर्षांत बरोबर काट्याला कधी नापास केलंत?

निरीक्षक : एकतीस वर्षांत मुलगाही एकच होता मला. भेसळीनं मारला त्याला. आता तू सरकारी पाकिटातून दुसऱ्यांची मुलं—

दुकानदार : भेसळ नव्हती.

निरीक्षक : काय?

दुकानदार : पूड चोख होती. प्रयोगशाळेचा कागद आहे माझ्याकडे. मात्रा दुपटीहून जास्त झाली.

निरीक्षक : तो इतका बेफिकीर नव्हता.

दुकानदार : नव्हताच. मोजून घ्यायचा.

निरीक्षक : कशावर?

दुकानदार : काका, जरा बाहेर जाता?

कारकून : जातो. शाई वाळेपर्यंत काम नाहीच मला.

निरीक्षक : कशावर मोजायचा?

सून : घरी तुमच्या कपाटावर असायच्या त्या लहान काट्यावर. पितळी तबकाच्या.

सासरे : तो सराफाकडून जप्त केलेला काटा आहे.

सून : त्याला एवढंच ठाऊक होतं की तो तुमचा आहे. मी म्हटलं, जपून घे. हसला. म्हणाला, बाबांचा काटा आहे, चुकायचा नाही.

सासरे : कमी दाखवतो तो. निम्म्याहून कमी. म्हणून तर… मोडायचा होता. नियम आहे तसा. दिसायला छान होता म्हणून घरी आणला.

सून : नापासची फुली तळाला होती. मी नंतर पाहिली.

सासरे : तळाला कोण बघतं.

(काट्याचा आकडा शून्यावर स्थिर आहे.)

सासरे : दीड वर्ष गप्प बसलीस. मी तुला काय काय बोललो. मयताच्या दिवशीसुद्धा.

सून : आई म्हणाल्या, बोलू दे त्यांना. बोलायचे थांबले तर विचार करायला लागतील.

सासरे : म्हणजे तिलाही माहीत आहे.

सून : तो काटा कपाटावरून त्यांनीच काढला. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाल्या, भंगारवाल्याला दिला.

सासरे : मग आज का सांगितलंस?

सून : तुम्ही खोटं लिहायला निघालात. ते मला बघवलं नसतं.

सासरे : हे दुकान मला अजूनही पटत नाही. ज्यांनी कधी हात लावला नसता, ते पाटी बघून आत येतील.

सून : येतील काही.

सासरे : कारकून, या आत.

कारकून : दारातच आहे, साहेब. काही ऐकलं नाही. नापासच ठेवू?

निरीक्षक : खोडा. पास लिहा. मोहर द्या इकडे.

कारकून : पास. पुढची तपासणी वर्षानं.

निरीक्षक : दर सोमवारी लिहा.

कारकून : तसं नियमात बसत नाही, साहेब.

निरीक्षक : मग लिहू नका. सोमवारी दुकान किती वाजता उघडणार?

दुकानदार : दहाला.

निरीक्षक : मी साडेनऊला येईन.