दादाचा कडुलिंब

सगळे म्हणतात, भावाच्या मयतीच्या दिवशी मी भांडलो. हो, भांडलो!

शहरात प्लेग येऊन गेल्यावर दादाने नवागाम वस्तीतल्या आमच्या गल्लीतल्या लोकांना गोळा करून नाल्याकाठी कडुलिंब लावले. पाणी घालायला मात्र तो एकटाच. त्यातलं एकच रोप जगलं.

दादाला अग्नी देऊन आलो, तर पाला चावायची रीत म्हणून सगळे त्याच रोपाला ओरबाडायला लागले.

"हात काढा!" मी ओरडलो.

"अरे, स्मशानातून आल्यावर तोंड कडू करावंच लागतं," शेजारचे सुकलालकाका म्हणाले.

"दादा कापडाच्या लूमवरून येऊन बादल्या वाहायचा, तेव्हा 'आले बागायतदार' म्हणून तुम्हीच हसायचात ना? आता आधी पाणी घाला!"

काकांनी दारात बसलेल्या आईकडे पाहिलं. वाटलं, ती मलाच झापेल. आई उठली आणि भरलेली बादली तिने काकांच्या हातात दिली.