पपईवाल्या बाई

हवाई बेटांवरच्या हिलो गावात, दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी जणी बोलत होत्या. तरुण मुलगी म्हातारीला मानानं ‘मनांग’ म्हणत होती.

“मनांग, तुमचं तपासून झालंय. घरी चला ना.”

“थांब गं लोर्ना. पपईचं नवं बी करणाऱ्या बाई आत डॉक्टरांकडे आहेत.”

“त्यांच्याशी काय काम?”

“रोग आला तेव्हा सगळी बाग आम्ही आमच्या हातांनी तोडली. मग ह्या बाईंनी त्याच रोगाच्या विषाणूचं एक जनुक पपईत घातलं, नि नवी झाडं रोगाला पुरून उरली.”

“खायची भीती नाही वाटली?”

“वाटली की! पहिल्या फळाला घरात कुणी हात लावेना. तुझ्या काकांनी अख्खं संपवलं. म्हणाले, मेलो तर गोड तोंडानं मरेन.”

“मग?”

“वीस वर्षं जगले, त्याच बागेत राबत. बाईंना हे सांगायचं राहिलंय. दार उघडलं बघ. मला हात दे, उठू दे. बसून कसं सांगू?”