नववीतल्या पोरीचे मार्क

बगितलं ना हवालदार साहेब, हॉलतिकीट माझंच हाय — फोटोत डोक्यावर पदर न्हाई म्हणून वळखू आले न्हाई तुमाला. फोटोवाल्यानंच काढाय लावला, कान दिसले पाहिजेत म्हणला. आता दहावीच्या पेपरात कानाचं काय काम, ते त्यालाच म्हाईत. सत्यशीला धोंडीराम कोकरे, वाचा की. पोरीला सोडाय न्हाई आले मी, मीच बसणार हाय. हसा, हसा, मला बी सकाळपासून हसूच येतंय — यष्टीत एकटीच हसत बसलते, कंडक्टर दोनदा येऊन तिकीट बघून गेला. गेट उघडंस्तोर इथंच लिंबाखाली बसते, तुमचा बंदोबस्त बी होईल अन् माझं बोलणं बी.

कावून म्हणता? ते मी मघाशी बोलून गेले, मागच्या साली पास झालेय म्हणून — तिथंच अडकलात वाटतं तुमी. पासच हाय की. मागच्या साली सगळेच पास. कोरोनात परीक्षाच झाली न्हाई तर नापास करणार कुणाला? आमच्या वस्तीवरचा हरिओम, त्याला वर्गमास्तर कोण ते म्हाईत न्हवतं, तो बी पास. निकालादिवशी अख्ख्या चौसाळ्यात पेढा मिळंना. आमचे मालक हिंडून हिंडून शेवटी शेव घेऊन आले, म्हणले तोंड गोड न्हाई तर तिखट करा, पण पास झाली हाय.

अन् मी दहावीच्या नादी लागले कशी, तर सुकन्यामुळं — माझी धाकटी. तिची दहावी अन् शाळा बंद. शाळा कुठं, तर मोबाईलमधी. रेंज कुठं, तर म्हसोबाच्या टेकडीवर. अन् टेकडीवर रोज कोण जातं? आमची मेंढरं. म्हणून पोरगी, मोबाईल, मेंढरं अन् मी, अशी आमची शाळा भरायची. पोरगी घटकाभरात कंटाळायची, बोरं वेचाय जायची, मोबाईल माझ्या हातात. आता समोर माणूस बोलायलाय तर त्याला बंद कसं करायचं? म्हणून ऐकत बसायचे. एक दिवस बिभीषण सरांनी प्रश्न विचारला, कुणीच बोलंना, सर बिचारे परत परत विचारायले — मला राहवलं न्हाई, मीच उत्तर दिलं. सर म्हणले, शाब्बास सुकन्या, आवाज कावून बसलाय गं तुझा? मग खरं कळल्यावर त्यांनीच मागं लागून माझा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला, बाहेरून बसणाऱ्यांचा. अन् भरला, तर परीक्षाच रद्द. तोंडी तेवढी फोनवर घेतली. मी टेकडीवर उभी राहून कविता म्हणायले, मागं मेंढरं वरडायली — अन् सर म्हणतेत, मागच्यांनी गप बसा, तुमची पाळी आली की विचारतो.

न्हाई, तेवढ्यावर न्हाई पास केलं. बाकीचे मार्क मागच्या वर्गावरून धरले, पोरांचे बी अन् आमचे बी. पण पोरांची नववी कालची, माझी नववी केवढ्या मागची — हीच शाळा साहेब, तवा पत्र्याची होती, उन्हाळ्यात पत्रे तडतड वाजायचे. सरांनी ते मार्क शोधून काढले. लई चांगले निघाले ओ. गणितात तर एवढे, की मी म्हणले सर, दुसऱ्या कुणाचे असतील. माझेच. मग मला एकदम असं झालं — ती पोरगी हुशार होती की. लाल रिबिनीच्या दोन वेण्या, एक सदा सुटलेली. नववीचा निकाल अन् तिच्या लग्नाची पत्रिका एकाच आठवड्यात घरी आली. रडली बी न्हाई, येडी, नवीन साडीचंच कवतिक. तर अभ्यास तिचा, मार्क तिचे, अन् पास कोण? मी. पास ती झाली साहेब. मला माझे पाहिजेत. कमी पडू द्या, पण माझे.

ह्या साली अर्धा तास जास्ती दिलाय म्हणतेत, पोरांची लिहायची सवय मोडली म्हणून. मग माझी किती मोडलेली असंल — मला अर्धा दिवस द्याय पाहिजे होता. कॅलेंडरच्या पानांमागं लिहून लिहून बोटं मोकळी केली, पण ते सगळं दगडावर बसून, मांडीवर ठेवून. बाकावर बसले की मांडी शोधत बसंन.

घरी? घरी म्हाईत असतं तर एवढी हसले असते का मी. तेलगावला भावाकडं जाते म्हणून निघाले — बगा, हे बोलायचं न्हवतं. ह्यांनी माझं गुणपत्रक चौकटीत घालून खंडोबाच्या शेजारी टांगलंय. रोज उदबत्ती ओवाळतेत, आधी देवाला, मग गुणपत्रकाला. बाजारात मेंढरू विकाय गेले तरी भाव सांगायच्या आधी सांगतेत, आमची बायको दहावी पास हाय. अशा माणसाला कसं सांगू, की पास झालेली बाई परत पेपरला बसायलीय? देव पावल्यावर कुणी नवस बोलतं का? सर म्हणले, श्रेणीसुधार असतंय हे, ह्या बारीला नापास झालीस तरी पहिलं गुणपत्रक कुठं जात न्हाई. ते खरं. चौकट राहील भिंतीवर. पण उदबत्ती ओवाळताना ह्यांचा हात थांबला तर? तेवढंच भ्याव हाय. अन् व्याकरणाचं.

घंटा झाली. ऐकलं का — तीच हाय ओ, रुळाच्या तुकड्याची, सगळी शाळा नवी बांधली अन् घंटा तीच ठेवली. पोरी बगा कशा पळायल्यात. काय? मोबाईल आत चालत न्हाई? मग धरा की तुमी, बंद करायचा सुकन्यालाच येतो. अन् ह्यांचा फोन आला तर उचलू नका. मेंढरं पाण्यावर नेली की करतेत रोज, जेवलीस का म्हणून. उचललाच तर तेलगावचं सांगा — न्हाई, पोलिसाचा आवाज ऐकला की वाटंल मलाच धरलं —

आलाच बगा. आज एवढ्या लवकर कावून केला असंल.

मी न्हाई बोलत, माझा आवाज हसंल न्हाईतर रडंल. तुमीच उचला. सांगा ह्यांना, सत्यशीला दहावीच्या पेपरला बसलीय. परत न्हाई म्हणावं, पहिल्यांदाच. सरका आता, वाट द्या, पोरी पुढं गेल्या.