गुरुवारी अकरा वाजता

अध्यक्ष महोदय, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, मेट्रन बाई, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की, ह्या बाई कोण, मलाही एकदा भेटायला हव्यात, असं वाटलं. तीस वर्षं इथे फार्मासिस्ट म्हणून काढली. पैकी बावीस वर्षं खिडकीमागे. त्या खिडकीला एक भोक होतं, त्यातून चिठ्ठी आत यायची आणि औषध बाहेर जायचं. मी माणसं पाहिलीच नाहीत, हात पाहिले. थरथरणारे हात, शाईचे हात, पीठ लागलेले हात. चेहरा बघायचा तर मान वाकवावी लागायची, आणि मागच्या रांगेला तेवढाही धीर नसायचा.

एकदा एकच हात दोन चिठ्ठ्या घेऊन आला. दोन डॉक्टरांच्या, दोन नावांच्या गोळ्या, आतलं औषध मात्र एकच. त्या बाई महिनाभर मधुमेहाची गोळी दुप्पट घेत होत्या आणि चक्कर येते म्हणून तिसऱ्या डॉक्टरांकडे निघाल्या होत्या. मी वॉर्डात फोन लावला. पलीकडून आवाज आला, "औषधवाल्या बाईंनी औषध द्यावं, सल्ला कशाला?" तो आवाज आज व्यासपीठावर बसलाय. साहेब, हसू नका. पुढच्याच आठवड्यात तुम्ही स्वतः खाली आलात आणि म्हणालात, "बाई, तुम्हाला खोली देतो." स्टेशनरीची खोली रिकामी करून दोन खुर्च्या आणि एक स्टूल दिलंत. तेव्हापासून घरी जाणारा प्रत्येक रुग्ण तिथे बसतो, पिशवीतली सगळी औषधं टेबलावर ओततो, आणि मी समजावून झालं की एकच वाक्य म्हणते, "आता तुम्ही मला सांगा." बरोबर सांगितलं तर महिन्याभराची औषधं. चुकलं तर पुढच्या आठवड्यात परत. मी फाइलमध्ये जे लिहिते ते आता डॉक्टर राउंडला वाचतात. ह्याचा मला फार अभिमान होता. आज बोलायचंय ते त्या अभिमानाबद्दल.

घड्याळकाका आपल्यापैकी काहींना आठवत असतील. घड्याळं दुरुस्त करायचे, पत्नी गेल्यावर दुकान बंद केलं. एकटे राहायचे. हृदयाचा त्रास, सात औषधं, त्यात रक्त पातळ करणारी गोळी. ती चुकली तर जिवावर बेतणारी. दर गुरुवारी अकराला यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दर गुरुवारी चुकायचे.

"काका, संध्याकाळची कधी?"

"सकाळी. की दुपारी? तुम्हीच सांगा पुन्हा."

मी पुन्हा सांगायची. मग पुढच्या गुरुवारी या. असे चार महिने. ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांच्या वेळा लावून दिल्या, त्याला सकाळ-संध्याकाळ कळू नये? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी नोंद केली, 'सूचना समजत नाहीत. एकटे राहणं धोक्याचं.' खाली माझी सही. डॉक्टरांनी ती वाचली आणि परगावच्या मुलाला फोन करून बोलावून घेतलं.

त्याच दिवशी काका चष्मा टेबलावर विसरले. तो द्यायला मी बाहेर गेले, तर बाकावर ते एका आजीबाईंना समजावत होते. "रक्ताची गोळी संध्याकाळी सहाला, रोज त्याच वेळी. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दात काढायला गेलात तर आधी ह्या गोळीचं सांगायचं." माझे शब्द, माझ्याच क्रमानं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मी म्हटलं, "काका, हे काय?"

त्यांनी चष्मा घातला. म्हणाले, "बरोबर सांगितलं की तुम्ही 'पुढचे' म्हणता. चुकलं की 'पुढच्या गुरुवारी या' म्हणता."

मी रागावले. घर सोडावं लागेल तुम्हाला, कळतंय का, म्हटलं. मी ठरवलं, मुलासमोर त्यांच्याकडून सगळं म्हणवून घ्यायचं आणि नोंद दुरुस्त करायची.

पुढच्या गुरुवारी मुलगा आला. बसलाच नाही, बॅग खांद्यावरच. मी पेन उघडून म्हटलं, "काका, सांगा."

काकांनी मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे. "घड्याळ मागे पडलंय तुझं," म्हणाले. मग माझ्याकडे वळून स्वच्छ आवाजात, "रक्ताची गोळी सकाळी. दोन घेतो."

मुलानं बॅग खाली ठेवली. स्टूल ओढून त्यांच्या गुडघ्याशी बसला. "बाबा, हे असं नाही चालणार. माझ्याकडे चला. आजच."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी पेनचं टोपण लावलं. मुलाला सगळ्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून दिल्या, गोळ्यांचा डबा भरून दिला. जाताना काका म्हणाले, "बाई, येतो." आणि आम्ही दोघेही हसलो, कारण ते येणार नव्हते.

त्यानंतर सहा महिने मी गुरुवारी अकराला कुणालाच बोलावलं नाही. फाइली लावायच्या आहेत, असं सांगायची. फाइली लावलेल्याच होत्या. समोरची खुर्ची बघत मी स्वतःला विचारायची, चार महिने मी तरी 'पुढच्या गुरुवारी या' इतक्या चटकन का म्हणत होते? माझ्या घरी टेबलावर एकाच माणसाच्या गोळ्या असतात. त्या मी कधी घेते, हे कुणाला सांगावं लागत नाही.

उद्यापासून त्या खोलीत ज्या बाई बसणार आहेत, त्यांना एवढंच सांगते. औषधं तपासाल, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या आहात. पण वारंवार चुकणाऱ्या माणसाला, फाइलमध्ये लिहिण्याआधी, घरी कोण आहे ते विचारा. तो रकाना आपल्या फॉर्मवर नाही.

आपण सर्वांनी सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल ते पोटात घाला. मात्र एका चुकीची माफी मी नेमकी मागते. काकांच्या फाइलमधली ती नोंद खोटी आहे. मला ती दुरुस्त करता येत होती आणि मी केली नाही. साहेब, तिच्याखालची सही माझी आहे.

आज बुधवार. उद्या अकरा वाजता मला कुणी विचारलंच, गोळी कधी घेता, तर मी बहुधा चुकीचं सांगेन.